हत्ती पाहायला गेलो त्याची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणीतरी चार शब्द बोलावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. दर वर्षी ही पाळी एखाद्या वकील, डॉक्टर नाहीतर शिक्षिका असलेल्या भगिनीवर येते आणि माझ्यासारख्या सतरंजीवर बसून ऐकतात. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले तेव्हा मला हसूच आले. मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? पापडाचे प्रमाण विचारा, ते चुकायचे नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही हत्ती पाहायला गेला होता ना? तेच सांगा." तेव्हा आज मी हत्तीवर बोलणार आहे. पण एक कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे मागाहून कोणाची निराशा व्हायला नको. आम्ही घरची सात माणसे हत्ती पाहायला गेलो, चार दिवस हिंडलो, जाऊन येऊन हजारावर किलोमीटर मोटार चालवली, आणि हत्ती काही आम्हाला दिसला नाही.

न दिसलेल्या हत्तीवर भाषण कशाला, असे कोणी म्हणेल. तेच तर सांगायचे आहे.

ही हौस मूळची आमच्या सासूबाईंची. वय शहात्तर, गुडघे कुरकुरतात, पण जीभ आणि डोळे अजून तरणे आहेत. आपल्या जिल्ह्यात शेगाव आहे. गजाननाचे नाव जिच्या ओठी नाही अशी बाई मेहकर-चिखलीकडे शोधून सापडायची नाही. घरोघर गणपती बसतो, लग्नपत्रिकेवर गणपती, वहीच्या पहिल्या पानावर गणपती. पण खरा हत्ती म्हणाल तर सासूबाईंनी आयुष्यात दोनदाच पाहिला. एकदा बाजाराच्या दिवशी एका साधूबरोबर आलेला, आणि एकदा सर्कशीतला. दोन्हींच्या पायांत साखळी. एकदा दिवाळीची करंजी भरता भरता त्या म्हणाल्या, "मोकळा हत्ती कसा चालत असेल गं? साखळी नसलेला? एकदा पाहावा वाटतो." झाले. पोरांनी ते शब्द उचलले आणि घर डोक्यावर घेतले.

आता आपल्या वऱ्हाडात रानहत्ती नाही, हे आपण सर्वजणी जाणतो. पण तो कधीच नव्हता असे मात्र नाही. अकबर बादशहाच्या पदरी असलेल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. त्यात हत्ती कुठकुठल्या जंगलांत मिळतात याची यादी आहे, आणि आग्रा सुभ्यातल्या नरवरच्या जंगलापासून वऱ्हाडापर्यंत हत्ती सापडतात, असा उल्लेख तीत आहे. त्याच्याही कितीतरी आधी कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त देशोदेशीच्या हत्तींची प्रतवारी लावली आहे. त्यात अपरांताचे, म्हणजे आपल्या कोकणाकडचे, हत्ती मध्यम प्रतीचे म्हटले आहेत. म्हणजे सह्याद्रीत हत्ती होते आणि वऱ्हाडाच्या उंबऱ्यापर्यंतही होते. पुढे जंगले तुटली, हत्ती धरले गेले, आणि राहिली ती फक्त नावे.

आणि आपल्या सिंदखेडराजाची एक हकिकत तर बखरींनी व परंपरेने जपली आहे. ती मी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकली. निजामशाहीचा दरबार सुटला होता आणि सरदार मंडळी बाहेर पडत होती. तेवढ्यात खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. जिजाऊंचे बंधू दत्ताजी जाधवराव त्याच्यावर चालून गेले, आणि हत्तीवरून सुरू झालेली झटापट जाधव आणि भोसले यांच्यात जुंपली. त्यात जिजाऊंचे सख्खे बंधू पडले आणि सासरकडचे संभाजी भोसलेही पडले. एका हत्तीच्या पायी एका बाईचे माहेर आणि सासर एकमेकांचे वैरी झाले. आजी ही गोष्ट सांगून म्हणायची, "हत्तीचा काय दोष? त्याला गर्दीत आणला कोणी?" त्या वेळी मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता. तो कळायला गडचिरोलीला जावे लागले.

तर, हत्ती पाहायला जायचे कुठे? महाराष्ट्रात रानहत्ती आजमितीस दोन टोकांना आहेत. एक टोक सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्याचे. तिथे २००२ साली कर्नाटकाकडून हत्ती उतरले आणि तिळारीच्या खोऱ्यात राहिले. नारळ, केळी आणि भातशेती यांची चटक लागलेले हे हत्ती आणि तिथले बागाईतदार यांचा तंटा दोन तपे चालू आहे. दुसरे टोक आपल्या विदर्भाचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून वीस-बावीस हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात शिरला. हे हत्ती मूळचे ओडिशाकडचे म्हणतात. तिकडे खाणी वाढल्या, रस्ते झाले, जंगलाचे तुकडे पडले, म्हणून भूक आणि पाणी शोधत ते पश्चिमेला सरकले. ते आले आणि परत गेले असे झाले नाही. कधी गोंदिया-भंडाऱ्याकडे फेरी मारली, पण मुक्काम ठेवला तो गडचिरोलीच्या जंगलातच.

दोडामार्ग आपल्याला फार लांब. गडचिरोली त्या मानाने जवळ, म्हणून २०२४ च्या दिवाळीत बेत ठरला. हे, मी, आमची बारा वर्षांची धाकटी, सासूबाई, धाकटे भाऊजी, जाऊबाई आणि त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा, अशी सात माणसे. फराळाचे दोन डबे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, सासूबाईंची गुडघ्याची पट्टी, आणि पोरांचे मोबाईल. तयारी म्हणजे एवढीच. जंगलात कसे वागावे याची तयारी आम्ही काही केली नव्हती.

इथे मला दुसरी एक कबुली द्यायची आहे. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी वर्तमानपत्रात एक बातमी आली होती. त्याच गडचिरोली जिल्ह्यात, मुतनूरच्या बाजूच्या जंगलात, तेवीस वर्षांचा एक तरुण मजूर हत्तीच्या पायाखाली सापडून गेला. चंद्रपूर जिल्ह्यातला पोरगा, तारा टाकायच्या कामावर आला होता. हत्ती आल्याचे कळले म्हणून सोबत्यांबरोबर पाहायला गेला आणि हत्तीबरोबर आपला फोटो काढू लागला. सोबती पळाले, तो राहिला. ही बातमी मी वाचली, यांनी वाचली, भाऊजींनीही वाचली. 'अरेरे' म्हणालो, पेपराची घडी घातली आणि बॅग भरायला लागलो. आपल्या बाबतीत असे काही होणार नाही, असे प्रत्येकाला वाटते. त्या पोराच्या आईलाही तसेच वाटले असेल.

प्रवासाचे फार सांगत नाही. मेहकरला समृद्धी महामार्गावर चढलो तो दुपारच्या आत नागपूर. आमच्या लग्नात वऱ्हाड नागपूरहून यायला अख्खी रात्र लागली होती, ते आठवून सासूबाई सारख्या पदराने तोंड पुसत हसत होत्या. नागपूर सोडून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली, आणि देशच बदलला. आपल्याकडे सोयाबीन, तूर आणि कपाशी, काळी भोर माती. तिकडे जिकडे पाहावे तिकडे बांध घातलेल्या धानाच्या बांध्या, मध्ये तळी, आणि बांध्यांच्या पलीकडे लगेच जंगल. कापणी चालू होती. कापलेले धान रचून ठेवलेले ढीग शेताशेतांत उभे होते. त्यांना तिकडे पुंजणे म्हणतात. धाकटी प्रत्येक पुंजण्याकडे बोट दाखवून "हत्ती!" म्हणून ओरडायची, आणि प्रत्येक वेळी सासूबाई चष्मा सावरून पाहायच्या.

आरमोरीच्या पुढे एका गावात ओळखीच्या शिक्षकांकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वनखात्याच्या एका माणसाशी गाठ घालून दिली. हा वनरक्षक वयाने लहान, पण बोलणे मोजके. त्याने पहिल्यांदा विचारले, "कशाला आलात?" पोरे म्हणाली, "हत्ती पाहायला." तो म्हणाला, "पाहायला मिळाला नाही तर आपले नशीब चांगले समजा." आम्हाला ते थोडे लागले. पण त्याने आम्हाला दिवसाउजेडी, कळप दूर गेला आहे अशी खात्री करून, एका बांधीपर्यंत नेले.

ती बांधी मी विसरणार नाही. अर्धे धान खाल्लेले होते, अर्धे तुडवलेले. बांध फुटून पाणी निघून गेले होते. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. चोवीस तासांतले बहुतेक तास त्याचे खाण्यातच जातात. वीस हत्ती एका रात्री एका शेतात उतरले म्हणजे काय राहणार? पण खाल्ले त्याहून तुडवले जास्त. हत्ती मुद्दाम नासधूस करत नाही, त्याचे पाऊलच तेवढे आहे.

चिखलात ती पावले उमटलेली होती. परातीएवढी गोल, आणि आत मातीवर भेगांची बारीक नक्षी. वनरक्षकाने सांगितले की, हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर मोजून त्याची दुप्पट केली की खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ बरोबर येते. सासूबाईंना राहवेना. डब्याला बांधलेली सुतळी सोडली, खाली बसता येईना म्हणून मला बसवले आणि घेर मोजून घेतला. पावणेचार फूट भरला. म्हणजे साडेसात फुटांची हत्तीण. त्या शेजारीच ताटलीएवढे एक लहान पाऊल होते, आईच्या पावलाला चिकटून चाललेले. सासूबाई त्या दोन पावलांकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्रीच्या अंधारात लेकरू घेऊन निघाली होती बिचारी."

तेवढ्यात बांधावरून त्या शेताची मालकीण आली. माझ्याच वयाची, डोक्यावर टोपले. सासूबाईंच्या तोंडचे 'बिचारी' तिने ऐकले असावे. राग नव्हता, पण तिच्या बोलण्याने आम्ही जागच्या जागी गप्प झालो. म्हणाली, "बाई, तुमी हत्ती पायाले येता. आमी हत्ती जावा म्हून रातभर जागतो."

तिची झाडीबोली आणि आपली वऱ्हाडी या बहिणीबहिणी. 'आमाले', 'तुमाले' दोन्हीकडे सारखेच. त्यामुळे बोलायला अवघड गेले नाही. तिच्या बांधावरच बसलो. दिवाळीचा डबा उघडला, तिच्या हातावर करंजी ठेवली. मग तिने सांगितले. पाच तोंडांचे घर, तीन एकर धान, वर्षाचे खाणे त्यातलेच. हत्ती बहुधा रात्री येतात. गावात हाकाटी झाली की पोरे उचलायची आणि पक्क्या घरात, नाहीतर शाळेत जाऊन बसायचे. उन्हाळ्यात मोहफुले वेचून घरात साठवावी तर तीही पंचाईत, कारण हत्तीला वास लांबून येतो आणि मातीची भिंत त्याला भिंत वाटत नाही. नुकसानीचे पैसे सरकार देते, पण त्याला पंचनामा लागतो, कागद लागतात, चकरा लागतात, आणि तोपर्यंत खायचे काय, हा प्रश्न उरतोच. "आणि हत्तीले मारता नाय येत," ती म्हणाली, "मारू बी नये. गणपती हाय तो. पण गणपती दर वर्सी इसर्जन होऊन जातो, हा जात नाय." यावर ती स्वतःच हसली, आणि मग आम्हीही हसलो. पण माझ्या घशात काहीतरी अडकले.

भगिनींनो, ज्याला आपण सहल म्हणून पाहायला निघालो होतो, ते त्या बाईचे जागरण होते. हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

एवढे कळूनही आमची हौस फिटली नव्हती, हे मी लपवत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जंगलातल्या डांबरी रस्त्याने परत येत होतो. दिवस मावळत आला होता. पुढे वनखात्याची गाडी रस्त्यात आडवी लावलेली, आणि वनरक्षकांबरोबर गावची चार-पाच पोरे हातात टॉर्च घेऊन उभी. त्यांनी आम्हाला थांबवले. हळू आवाजात सांगितले, कळप रस्ता ओलांडायच्या बेतात आहे, दिवे बंद करा, हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. यांनी दिवे विझवले. डाव्या हाताला बांबूचे बन होते. त्यातून काडकन आवाज आला. मग पुन्हा एकदा. नंतर एक असा आवाज आला की तो कानाला आला की छातीला, ते सांगता यायचे नाही. एखादे जड जाते दूर कुठेतरी फिरावे तसा. माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी माझा हात धरला.

हे आणि भाऊजी काच खाली करून वनरक्षकाशी कुजबुजत होते. धाकटी माझ्या कुशीत. आणि जाऊबाईंनी मागे वळून पाहिले तर मागची जागा रिकामी. पलीकडचे दार अर्धवट उघडे. पोरगा तीस-चाळीस पावलांवर, बांबूच्या बनाकडे तोंड करून, मोबाईल वर धरून उभा.

त्या वेळी जाऊबाईंची जी अवस्था झाली ती आठवली की आजही माझे हातपाय गार पडतात. आईने अशा वेळी काय करावे? ओरडावे. पण ओरडायचे नाही असे आताच सांगितलेले. तिने स्वतःच्या पदराचा बोळा तोंडात कोंबला. वनरक्षक पळाला नाही. सावकाश, झुडपाच्या आडोशाने गेला, पोराच्या दंडाला धरले, मोबाईल खाली करायला लावला, आणि पाठ न फिरवता दोघे मागे मागे चालत आले. सगळे मिळून दीड-दोन मिनिटे लागली असतील. पोरगा गाडीत बसला तेव्हा लटलट कापत होता. म्हणाला, "मोठ्या आई, फक्त एक मिनिट..." कोणी त्याला मारले नाही, कोणी रागावले नाही. त्या तेवीस वर्षांच्या पोराची बातमी एकाच वेळी आम्हा सगळ्यांना आठवली होती. त्यालाही एकच मिनिट हवे असणार.

कळपाने आमच्यासमोर रस्ता ओलांडला नाही. अर्ध्या तासाने वनरक्षकाने सांगितले, ते दुसरीकडून गेले, तुम्ही निघा. मोबाईलमध्ये काय आले होते? अंधार, आणि काडकन आवाज. दिवा लागलाच असता, त्याचा उजेड पडलाच असता, तर काय झाले असते ते मी बोलत नाही.

त्या रात्री आमच्या यजमानांनी सांगितले की या वनरक्षकांचे कामही जिवावरचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आरमोरी तालुक्यातच वनखात्याचा एक वाहनचालक हत्तीच्या पाळतीवर असताना हत्तीच्या हल्ल्यात गेला. एप्रिल २०२४ मध्ये याच बाजूचा एक एकटा सुळेवाला हत्ती प्राणहिता ओलांडून तेलंगणात शिरला आणि तिथे दोन शेतकऱ्यांचा जीव गेला. ज्याच्या दंडाला धरून आमचा पोरगा परत आणला, त्याच्याही घरी आई असेल, बायको असेल. आम्ही हौसेने आलो आणि आपल्या हौसेचे ओझे त्याच्या जिवावर टाकले.

घरी आल्यावर मी हत्तीविषयी मिळेल ते वाचू लागले. त्यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या मंडळात सांगण्याजोग्या आहेत. हत्तीच्या कळपाची पुढारी बाई असते. वयाने मोठी हत्तीण पुढे, तिच्या मागे तिच्या लेकी, बहिणी, नाती आणि लेकरे. उन्हाळ्यात पाणी कुठल्या नाल्यात राहते, कोणत्या वाटेने माणूस भेटतो, हे तिला आठवते आणि कळप तिच्या आठवणीवर जगतो. नर वयात आले की कळप सोडून एकटे किंवा दोघे-तिघे मिळून हिंडतात. हत्तीण अठरा ते बावीस महिने गर्भार असते. म्हणजे आपले नऊ महिने तिच्यापुढे काहीच नाहीत! आणि लेकरू झाले की एकटी आई त्याला सांभाळत नाही, मावश्या आणि आत्या मध्ये घेऊन चालतात. म्हणून लेकरू असलेल्या कळपाजवळ जाणे सगळ्यांत धोक्याचे. ती आपल्यावर चाल करून येते ती रागाने नव्हे, तर त्या संध्याकाळी जाऊबाईंना जे वाटले तेच तिला वाटते म्हणून.

दुसरी गोष्ट त्या आवाजाची. १९८४ साली केटी पेन नावाच्या एका अमेरिकन बाईला प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींजवळ उभे असताना हवेत थरथर जाणवली. पुढे तिने यंत्राने ध्वनिमुद्रण करून दाखवून दिले की हत्ती माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या खालच्या सुरात एकमेकांशी बोलतात, आणि ते बोलणे काही किलोमीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे त्या संध्याकाळी जे छातीत जाणवले ते कदाचित त्यांचे बोलणे असेल. त्या बनातली म्हातारी आपल्या लेकीसुनांना सांगत असेल, "इकडून नको गं, इकडे माणसे उभी आहेत."

आणि संख्या? ऑक्टोबर २०२५ मध्ये जनुकांच्या तपासणीवरून केलेला पहिला अंदाज जाहीर झाला. त्यात साऱ्या देशात सुमारे २२,४४६ रानहत्ती आहेत असे निघाले. २०१७ च्या गणतीत हाच आकडा तीस हजारांच्या घरात होता. रीत वेगळी असल्याने दोन्हींची तुलना करू नये असे जाणकार सांगतात. परंतु एवढे खरे की आपल्या एका मोठ्या तालुक्याच्या गावात जेवढी माणसे राहतात, तेवढेही हत्ती या अख्ख्या देशात नाहीत. २०१० साली सरकारने हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हणून जाहीर केले. आता वारसा म्हटले की तो जपायचा खर्च सगळ्या भावंडांनी वाटून घ्यायला हवा. आज तो खर्च त्या बांधावरची बाई एकटी भरते आहे आणि आपण फक्त आरती म्हणतो.

आता कोणी म्हणेल, बुलढाण्यात हत्ती नाही, मग हे ऐकून आम्ही करायचे काय? भगिनींनो, आपल्याकडे हत्ती नसला तरी ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे. बुलढाणा-खामगाव रस्त्याने बोथ्याच्या घाटातून आपण किती वेळा जातो! तिथे अस्वल आहे, बिबट्या आहे. आणि डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक चालून आपल्या ज्ञानगंगेत येऊन राहिला होता. वाटेत त्याने किती शेते, किती रस्ते ओलांडले, पण बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. उद्या असा पाहुणा पुन्हा येईल. त्या वेळी घाटात गाडी थांबवून दार उघडणारा पोरगा कोणाचा असेल? आपलाच.

म्हणून चार गोष्टी मी आमच्या घरापुरत्या ठरवल्या आहेत. त्या आपल्यापुढे ठेवते, पटल्या तर घ्याव्या. पहिली, जंगलाच्या रस्त्याला लागण्याआधी पोरांना नियम सांगायचे, नंतर नव्हे. दुसरी, तिन्हीसांजेनंतर जंगलातून हौसेने फिरायचे नाही. जाणे भागच असेल तर न थांबता जायचे. तिसरी, वनखात्याचा माणूस 'मागे फिरा' म्हणाला की वाद न घालता फिरायचे. आणि चौथी, जनावर दिसले तर गाडीतून खाली उतरायचे नाही. हत्ती असो की अस्वल, ते दिसणे हा आपला हक्क नव्हे. दिसले तर भाग्य, न दिसले तर अधिक भाग्य. लेकरांना हत्ती जवळून दाखवायचाच असेल तर गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचा पाळीव हत्तींचा तळ आहे. तिथे सांगतील त्या अंतरावरून पाहता येतात.

आता शेवटचे सांगून आपली रजा घेते. निघायच्या दिवशी सकाळी त्या शेतकरीणबाई आमच्या उतरल्या घरी आल्या. ओच्यात नवे तांदूळ होते, शेरभर. म्हणाल्या, "दिवाळीचं खाऊ घातलं तुमी, रिकामा डबा कसा पाठवू?" ज्या धानासाठी रात्र रात्र जागायचे, त्यातले शेरभर तिने आम्हा परक्यांच्या डब्यात घातले. सासूबाईंनी घरी येऊन त्याची खीर केली, नैवेद्य दाखवला, आणि त्या पोराला समोर बसवून पहिली वाटी त्याला दिली. मी विचारले, "आई, हत्ती तर दिसलाच नाही. मनात राहिले का?" त्यांनी देवघराच्या खालचा खण उघडला. त्यात ती सुतळी गुंडाळून ठेवलेली होती, पावणेचार फुटांची. म्हणाल्या, "माझं पाहून झालं. साखळी नसलेलं पाऊल पाहिलं, लेकराला घेऊन चाललेलं. आता ती सुखरूप असू दे, आणि ती बांधावरची बाई एक रात्र तरी निजू दे."

याहून अधिक चांगले मला बोलता येणार नाही.